नागपूरच्या थंडीत कुंडीतले फुलकंद: निवड, लावणी आणि उन्हाळ्यातली साठवण

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात रात्रीचा पारा साधारण १२-१३ अंशांवर असतो. थंडीची लाट आली की तो ७-८ वर उतरतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर ३.५ पर्यंत गेला होता. पण त्याच दिवसांत दुपारी २८ अंश असतात आणि गच्चीवर उन्हात ठेवलेली काळी प्लास्टिकची कुंडी त्याहून कितीतरी जास्त तापते. कंदाला हवामान खात्याचा आकडा कळत नाही, मुळांभोवतीची माती किती गार आहे तेवढंच कळतं. नागपुरात हिवाळी कंद फसतात ते थंडी कमी पडते म्हणून कमी, आणि लावणी घाईने होते किंवा कुंडी तापते म्हणून जास्त. पुढचं बहुतेक सगळं ह्या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

थंडी मागणारे आणि गारव्यावर भागणारे

कंद विकत घेण्याआधी हा फरक पक्का करून घ्या.

ट्यूलिप, हायसिंथ आणि मोठ्या कर्ण्याचे डॅफोडिल थंडी मागतात. ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांचा. तिथे कंद हिवाळाभर गारठलेल्या जमिनीत पडून असतो. सुमारे १२ ते १६ आठवडे ९ अंशांखाली काढल्याशिवाय त्याचा दांडा नीट लांबत नाही. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत हे काम हिवाळाच करतो, म्हणून तिथले ताटवे मार्चअखेर आणि एप्रिलात फुलतात. नागपुरात ते काम फ्रीजला करावं लागतं.

फ्रीझिया, स्पॅरॅक्सिस, इक्सिया, ऑक्सॅलिस हे दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. रॅननक्युलस आणि ॲनिमोन भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे, त्यांचीही तीच तऱ्हा. ह्यांना १० ते १५ अंशांच्या रात्री पुरतात आणि नागपूरचा हिवाळा त्यांना चांगला मानवतो. अडचण एकच आहे: ह्यांच्या झोपेच्या काळात आपल्याकडे धो-धो पाऊस असतो. जूनमध्ये कुंडीत विसरलेला फ्रीझिया ऑगस्टमध्ये उकरला तर नुसती साल हाती येते.

नर्गिस, म्हणजे बाजारात ‘पेपरव्हाइट’ नावाने मिळणारा पांढऱ्या घोसाचा नार्सिसस, आणि ग्लॅडिओलस ह्या दोघांना थंडीचा फारसा हट्ट नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर नर्गिस, ग्लॅडिओलस आणि ऑक्सॅलिस घ्या. रॅननक्युलस आणि ॲनिमोन दुसऱ्या वर्षी. फ्रीझियाचा वास ज्यांना सोडवत नाही त्यांनी तो जरूर लावावा, पण त्याचं वेळापत्रक नागपुरात फार तंग आहे. ट्यूलिप ही हौस समजा. एक कंद, एक फूल, एक हंगाम.

खरेदी

पाकिटावर १०/१२ किंवा १२/१४ असं छापलेलं असतं. तो कंदाचा सेंटिमीटरमधला घेर असतो, रुंदी नव्हे. १२ सेंमी घेराचा कंद जेमतेम पावणेचार सेंमी रुंद भरतो. ग्लॅडिओलस १०/१२ च्या खाली घेऊ नका, दांडा बारीक येतो. ट्यूलिप १२ च्या वरचा, पेपरव्हाइट १४ च्या वरचा, फ्रीझिया ५ च्या वरचा चालतो. ‘मिक्स कलर, ५० बल्ब’ अशा स्वस्त पाकिटांत बहुधा लहान मापाचा माल असतो. पहिल्या वर्षी त्यातून पानंच मिळतात.

कुरियरने मागवलेला खोका ऑक्टोबरच्या उन्हात दोन-दोन दिवस फिरून येतो. आल्याबरोबर उघडा आणि प्रत्येक कंदाचा तळ, म्हणजे मुळं फुटण्याची चकती, अंगठ्याने दाबा. तिथे मऊ लागलं तर तो कंद गेला. सालीवरची थोडी निळसर बुरशी कोरड्या फडक्याने पुसली तरी चालते. रॅननक्युलसची मुळी वाळलेल्या पंजासारखी हलकी आणि कुरकुरीत असते, ॲनिमोनची ढेकळासारखी. ते पाहून परत पाठवू नका, ती असतातच तशी.

लावणीपर्यंत कंद जाळीच्या पिशवीत, वारा खेळेल अशा सावलीच्या जागी ठेवा. पण स्वयंपाकघरातल्या कांद्याच्या टोपलीत किंवा तिच्या शेजारी अजिबात नको. नर्गिसचा कंद दिसायला थेट कांद्यासारखा असतो आणि तो विषारी आहे. खाल्ला तर उलट्या होतात. लहान मुलं आणि कुत्री असलेल्या घरात ही काळजी घ्याच. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला, सालीची खाज सुटते.

कुंडी

मातीची, न रंगवलेली कुंडी सर्वांत चांगली. नागपूरचा हिवाळा कोरडा असतो आणि अशा हवेत मातीची कुंडी माठासारखंच काम करते: भिंतीतून पाणी झिरपतं, उडतं आणि आतली माती गार राहते. ऑइलपेंट मारला की हा फायदा संपला. प्लास्टिक वापरायचंच असेल तर पांढरं किंवा फिक्या रंगाचं घ्या. काळ्या ग्रो बॅग गच्चीवर नकोत.

फ्रीझिया आणि रॅननक्युलससाठी एक जास्तीचा उपाय आहे. ८ इंची मातीची कुंडी १२ इंची कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत रेती भरा. रेतीवर रोज सकाळी पाणी शिंपडा, आतल्या कुंडीत नको. मुळं गार राहतात आणि कंदाला जास्त पाणीही होत नाही.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, म्हणून कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवा. तळाला निदान तीन भोकं हवीत. एकच असेल तर ड्रिलने आणखी दोन पाडा. भोकांवर खापरीचा तुकडा ठेवला की पुरे, तळात खडीचा जाड थर देण्याची गरज नाही. त्या थराने निचरा सुधारत नाही, उलट ओली माती तेवढी वर सरकते आणि कंदाच्या जवळ येते.

मापाचा अंदाज: ८ इंची कुंडीत सुमारे ४ लिटर, १० इंचीत साडेसात-आठ लिटर आणि १२ इंचीत १३ लिटर मिश्रण बसतं.

माती

आपल्याकडची काळी माती कापसाला छान, कंदाला वाईट. ती पाणी धरून फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. फुगलेल्या मातीत कंदाचा तळ सडतो, भेगाळताना कोवळी मुळं तुटतात. नुसती रेती मिसळून हा स्वभाव जात नाही, त्यामुळे काळी माती वगळलेलीच बरी.

चालणारं मिश्रण असं: दोन घमेली लाल माती, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं भिजवून पिळलेलं कोकोपीट, एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. रेती कन्हानची जाडी घ्या आणि चाळून बारीक भाग काढून टाका. प्लास्टरची बारीक रेती मातीतली पोकळी भरून टाकते आणि निचरा बिघडवते. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीन वेळा साध्या पाण्यातून काढून पिळा, नाहीतर त्यातला खारटपणा मुळांना लागतो.

शेणखत ताजं असेल तर त्यातून हुमणीच्या अळ्या येतात आणि कुजताना ते तापतं. हाताला कोमट लागलं तर ते अजून तयार नाही.

१० इंची कुंडीमागे ४० ग्रॅम निंबोळी ढेप आणि २० ग्रॅम हाडांचं खत मिसळा. सुपर फॉस्फेट मात्र टाळा. त्यात फ्लोराइड असतं आणि फ्रीझिया, ग्लॅडिओलस व लिली त्याला फार नाजूक आहेत. पानांची टोकं करपतात आणि माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालत राहतो.

भरून झाल्यावर एक चाचणी घ्या. १० इंची कुंडीत एक लिटर पाणी एकदम ओता. मिनिटभरात वर पाणी साचलेलं दिसू नये आणि खालून धार लागावी. तसं झालं नाही तर रेती वाढवा.

तारीख ठरवणं

‘दिवाळीत लावायचे’ असं सरसकट सांगितलं जातं. पण दिवाळी तीन-चार आठवड्यांनी पुढे-मागे होते, कंदाचं गणित तसं सरकत नाही. पाऊस गेल्यानंतरचा ऑक्टोबर हीटचा पंधरवडा हा नागपुरात सगळ्यात फसवा काळ असतो. सकाळी बरं वाटतं, दुपारी ३३-३४ अंश. ह्या काळात लावलेला रॅननक्युलस मातीतच कुजतो.

एक साधा थर्मामीटर घ्या. रात्रीचं किमान तापमान सलग पाच रात्री १८ किंवा त्याखाली आलं की फ्रीझिया, रॅननक्युलस, ॲनिमोन आणि स्पॅरॅक्सिस लावा. नागपुरात हे बहुतेक ऑक्टोबरअखेर ते १० नोव्हेंबरच्या दरम्यान घडतं. ग्लॅडिओलस ऑक्टोबरच्या मध्यापासून चालतो. दर पंधरा दिवसांनी चार-पाच कंद असे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावत गेलात तर डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत दांडे मिळतात. नर्गिस नोव्हेंबरभर केव्हाही लावा. ऑक्सॅलिसला तारखेची फिकीर नाही, ऑक्टोबरात लावा.

उशीरही परवडत नाही. फ्रीझियाला लावणीपासून फुलापर्यंत ११० ते १२० दिवस लागतात. १ नोव्हेंबरला लावला तर फूल फेब्रुवारीअखेर, आणि तेव्हा दुपारचा पारा ३२ च्या पुढे सरकलेला असतो. डिसेंबरात लावलेला फ्रीझिया ऐन मार्चच्या उन्हात सापडतो.

लावणीचा दिवस

१. आदल्या संध्याकाळी कुंडीतलं मिश्रण पाणी घालून ओलं करा. दाबल्यावर मूठ वळावी, पण पाणी निथळू नये.

२. कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब एकत्र असलेली बुरशीनाशक पावडर लिटरला २ ग्रॅम ह्या प्रमाणात घोळून कंद २० ते ३० मिनिटं बुडवा, मग सावलीत तासभर सुकवा. हातमोजे घाला. रसायन नको असेल तर मिश्रणातच ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घाला. पण दोन्ही एकत्र नको, बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं.

३. कुंडीचा काठ वरून ३ सेंमी रिकामा ठेवा, पाणी घालायला जागा राहते.

४. कंद बसवा, माती हलकी दाबा आणि एकदाच भरपूर पाणी द्या.

५. वर नावाची आणि तारखेची पट्टी खोचा. महिन्याभराने सगळी पाती सारखीच दिसतात.

आता एकेकाची खोली आणि संख्या.

ग्लॅडिओलस: १२ इंची कुंडीत ४ ते ५, ८ ते १० सेंमी खोल. उथळ लावला तर दांडा वजनाने कलंडतो आणि काठीनेही नीट सावरत नाही.

फ्रीझिया: ८ इंचीत ८ ते १०, टोक वर, ५ सेंमी खोल. त्याच्याबाबत एक इशारा आहे. कोरडा कंद फ्रीजमध्ये ठेवू नका. ट्यूलिपला फ्रीज लागतो म्हणून ह्यालाही ठेवला जातो आणि मग कोंब न फुटता जुन्या कंदावर दुसरा कंद तयार होऊन बसतो. फ्रीझियाची झोप उलट उबेने मोडते. २८-३० अंशांत दहा ते तेरा आठवडे गेले की तो जागा होतो. थंडी त्याला हवी असते ती पुढे, पानं आल्यावर. तेव्हा मुळांपाशी १२ ते १५ अंश मिळाले तर दांडा वेळेवर निघतो. माती १८ च्या वर राहिली तर पानंच येत राहतात. दुहेरी कुंडीचा खटाटोप ह्याच्यासाठीच.

रॅननक्युलस: १० इंचीत ४ ते ५. आधी साध्या गार पाण्यात ३ ते ४ तास भिजवा. रात्रभर भिजवू नका, फुगून पाण्यातच सडायला लागतो. मग ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून झाकण किलकिलं ठेवलेल्या डब्यात, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात १० ते १४ दिवस ठेवा. पांढरी बारीक मुळं दिसली की कुंडीत लावा, नख्या खाली, ४-५ सेंमी खोल. ही पायरी गाळली तर नागपुरात निम्मे पंजे हातचे जातात. दर दोन-तीन दिवसांनी डबा उघडून बुरशी आलेला पंजा वेगळा काढा. लावणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात धरली तर भिजवायची तारीख २० ऑक्टोबरच्या आसपास येते.

ॲनिमोन: तसाच भिजवा. १० इंचीत ६ ते ७, ३-४ सेंमी खोल. टोक कुठलं, बूड कुठलं कळत नसेल तर आडवा ठेवा, कोंब आपली वाट काढतो.

ऑक्सॅलिस: ८ इंचीत ८ ते १०, २-३ सेंमी खोल. ह्याला वेगळं काही करावं लागत नाही. पसरतो मात्र बेफाम, शेजारच्या कुंडीतही सापडेल.

नर्गिस: ८ इंचीत ५ ते ६, एकमेकांना जवळपास टेकतील इतके दाट, मान मातीच्या वर. हा खडे आणि पाण्यातही वाढतो. काचेच्या पसरट भांड्यात ५-६ सेंमी खडे टाका, कंद त्यांत रोवा आणि पाणी फक्त तळाला टेकेल इतकं ठेवा. कंद बुडाला तर सडतो. लावणीपासून फुलायला सहा ते आठ आठवडे लागतात. घरात वाढवला तर उजेड कमी पडून लांबतो आणि फुलं येताच आडवा होतो. ह्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक गमतीदार पण कामाची गोष्ट आढळली आहे: पाण्यात ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलं की नर्गिसची उंची तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त कमी राहते आणि फूल मात्र तेवढंच मोठं येतं. आधी साध्या पाण्यात मुळं धरू द्या. कोंब ३-५ सेंमी झाला की ते पाणी ओता आणि औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, पाणी अकरा भाग असं भरा. बिअर नको, तिच्यातली साखर मुळं कुजवते. उघड्यावर भरपूर उन्हात ठेवलेल्या नर्गिसला ह्याची गरज पडत नाही.

ऊन आणि पाणी

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, भर दुपारीही नागपुरात क्षितिजापासून ४५ अंशांच्याच उंचीवर. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळाभर थेट ऊन येतच नाही. उत्तरेची बाल्कनी असेल तर कंदांचा विचार सोडा किंवा कुंड्या गच्चीवर न्या. पूर्वेची जागा सर्वांत उत्तम: सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली. पश्चिमेच्या भिंतीजवळ ठेवू नका, ती भिंत संध्याकाळी भट्टीसारखी ऊब फेकते.

लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ५० टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली ठेवा. आधी मुळं धरायची असतात, कोंबाची घाई नाही. कोंब २-३ सेंमी वर आले की ऊन द्या.

पाण्यात हात आखडता ठेवावा लागतो तो पहिल्या महिन्यात. कोंब दिसेपर्यंत वरची २ सेंमी माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. बोट पेरभर खुपसून पाहा. मातीच्या कुंडीला साधारण तीन-चार दिवसांनी, प्लास्टिकला आठवड्याने लागतं. पानं वाढली की प्रमाण वाढतं. १० इंची कुंडीला एका वेळी पाऊण ते एक लिटर, खालून निथळेपर्यंत. बशीत साचलेलं ओतून टाका. पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी भिजलेली पानं थंड रात्रीत ओलीच राहतात आणि करपा पडतो.

ग्लॅडिओलसची एक वेळ मात्र चुकवू नका. दोन ते चार पानं असताना आत दांडा तयार होत असतो. तेव्हा कुंडी एकदा जरी कडकडीत वाळली तर तो आतच मरतो. पुढे पानं हिरवीगार दिसतात, फूल येत नाही आणि दोष कंदाला दिला जातो.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरा थर धरतो आणि पानं पिवळी पडतात. अशा घरी कंदांपुरतं नळाचं पाणी साठवून वापरा.

फेब्रुवारीत विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट नवी नाही. अंदाज आला की कुंड्या छताखाली घ्या. फुललेला रॅननक्युलस एका सरीत संपतो.

खत आणि टेकू

पानं ८-१० सेंमी झाल्यावर १९:१९:१९ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे) हे विद्राव्य खत लिटरला दीड ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी; १० इंची कुंडीला पाव लिटर द्रावण. कळी दिसली की त्याऐवजी १३:०:४५ त्याच प्रमाणात. रंग दिसू लागला की बंद. नर्गिस खड्यांत असेल तर काहीच नको, त्याचा शिधा कंदातच असतो. शेण-ढेपेचं आंबवलेलं पाणी इथे घालू नका, त्याने चिलटं येतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत वाढतात आणि मावा धरतो.

फ्रीझियासाठी कुंडीच्या काठाशी चार कमट्या रोवून १५ आणि २५ सेंमी उंचीवर सुतळीचे वेढे द्या. हे पानं आडवी होण्याआधी करायचं, नंतर मोडतात. ग्लॅडिओलसला प्रत्येकी एक काठी, लावणीच्या वेळीच रोवलेली. नंतर रोवली तर नेमकी कंदातून आरपार जाते.

काय बिघडतं

कोंबच आला नाही तर हळूच उकरा. कंद मऊ आणि आंबट वासाचा असेल तर पाणी जास्त झालं किंवा लावणी उन्हात झाली. कंद टणक असेल आणि मुळं नसतील तर पुन्हा झाकून थांबा. कंदच जागेवर नसेल तर खार किंवा उंदीर. हाडांच्या खताच्या वासाने घुशीही येतात, म्हणून लावणीनंतर कुंडीवर बारीक तारेची जाळी बांधा आणि कोंब बोटभर झाले की काढा.

ग्लॅडिओलसच्या पानांवर चांदीसारखे चट्टे आणि उमलताना वाकड्या, कडा जळालेल्या पाकळ्या दिसल्या तर ते फुलकिडे. निळे चिकट सापळे टांगा आणि दर पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून फवारा. दांडा बाहेर येण्याआधी फवारलं तरच उपयोग. कळीत शिरलेला किडा हाती लागत नाही. मावा दिसला तर आधी पाण्याच्या झोताने धुवून काढा. फेब्रुवारीत ऊन वाढलं की पानांखाली लाल कोळी येतो, तेव्हा पानांची खालची बाजू सकाळी पाण्याने धुवा.

कळ्या तपकिरी होऊन वाळल्या तर बहुधा दोन-तीन दिवस पाणी चुकलं किंवा अचानक ऊन वाढलं. जानेवारीअखेरपासून दुपारी जाळी ओढायला सुरुवात करा.

ट्यूलिप आणि हायसिंथ

ट्यूलिप १० डिसेंबरला कुंडीत लावायचा असेल तर त्याला १४ आठवडे थंडी मिळायला फ्रीजमध्ये सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा. बाहेरून येणारा माल तोवर अनेकदा आलेलाच नसतो. म्हणून आधीच थंड केलेले कंद मागा आणि तेही लावणीपर्यंत फ्रीजमध्येच ठेवा. मध्ये आठवडाभर बाहेर राहिले तर घेतलेली थंडी वाया जाऊ शकते.

फ्रीजमध्ये ते कागदी पिशवीत, फळांपासून लांब. सफरचंद, केळी, पेअर ह्यांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने आतली कळी मरते. नागपूरकरांच्या फ्रीजमध्ये संत्री असणारच. ताजं संत्रं फारसं इथिलीन सोडत नाही, पण हिरवी बुरशी आलेलं एक संत्रं मात्र पुरेसा घात करतं. रोज पिशवी पाहण्यापेक्षा कंदांच्या कप्प्यात फळच ठेवू नका.

१० इंची कुंडीत ७-८ ट्यूलिप, १० सेंमी खोल. कंदाची सपाट बाजू कुंडीच्या काठाकडे करा. पहिलं मोठं पान त्या बाजूला फुटतं आणि बाहेर झुकतं. फूल चार ते सहा आठवड्यांत, म्हणजे बरोबर जानेवारीच्या थंडीत येतं. दांडा आखूड राहील, तो तसाच राहायचा.

हायसिंथचा तुरा पानांत अडकून जमिनीलगतच फुलायला लागला तर थंडी कमी पडली आहे. वर्तमानपत्राचा शंकू करून आठवडाभर झाकून ठेवा, अंधारात दांडा थोडा ओढला जातो.

फुलं संपल्यावर

फुलाचा दांडा कापा, पानं कापू नका. ग्लॅडिओलसचा दांडा फुलदाणीसाठी खालच्या दोन फुलांचा रंग दिसताच काढा, पण झाडावर निदान चार पानं राहू द्या. पुढच्या वर्षीचा कंद ह्याच पानांतून भरतो. ह्या काळात १३:०:४५ च्या दोन मात्रा द्या, पाणी हळूहळू कमी करा. पानं दोन तृतीयांश पिवळी पडली की, म्हणजे साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यात, पाणी पूर्ण बंद. आठवड्याने कंद उकरा, माती झटका, धुवू नका आणि सावलीत वाऱ्यावर १०-१५ दिवस सुकवा.

साठवणीत नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. गच्चीवरची बंद खोली ४५ अंशांच्या दिवशी भट्टी होते, आणि कूलर लावलेली खोली गार असली तरी दमट असते. तिथे कंदांवर आठवडाभरात बुरशी दिसते. कूलर नसलेली, खालच्या मजल्यावरची, वारा फिरणारी खोली निवडा आणि कंद जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पिशवी चाचपून मऊ पडलेले काढा. फ्रीझिया आणि ऑक्सॅलिस असे निभावतात. ग्लॅडिओलस सुकल्यावर कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ४-५ अंशांत तीन महिन्यांनी तो पुन्हा फुटायला तयार होतो. रॅननक्युलस आणि ॲनिमोन इथे दुसऱ्या वर्षी क्वचितच धड निघतात, दरवर्षी नवे घेणं सोपं पडतं. ट्यूलिप आणि हायसिंथ फुलल्यावर कंपोस्टमध्ये टाका. नर्गिस एकदा खड्यांत फुलवला की रिकामा झालेला असतो, मातीतला ठेवून पाहायला हरकत नाही.

ग्लॅडिओलस उकरताना मूळ कंदाच्या बुडाशी वाटाण्याएवढ्या गुठळ्या लागतात. त्या फेकू नका. वेगळ्या पिशवीत ठेवा, पुढच्या ऑक्टोबरात २४ तास पाण्यात भिजवा आणि एखाद्या जुन्या पसरट टबात ३ सेंमी खोल, दाटीवाटीने पेरा. पहिल्या वर्षी गवतासारखी पाती येतील, फुलायला दोन ते तीन हंगाम लागतील.